नागरिकशास्त्राचा तास आणि आपले विहार

(संस्थेच्या शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्हां नागरिकशास्त्र शिकविणाऱ्यांना संस्थेने आज बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आमचा विषय शाळेत धाकटा मानला जातो. पुस्तक इतिहासाचे आणि त्याच्या पाठीमागे जोडलेले नागरिकशास्त्र. तास कमी, गुणही कमी. गणित-इंग्रजीचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी याच तासाचा. पण ज्या समाजाला सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा हक्कही लढून मिळवावा लागला, त्याला हा विषय धाकटा मानून चालणार नाही. पैसेवाल्याच्या मुलाला कायदा ठाऊक नसला तरी त्याच्या घरी वकील येतो. आपल्या मुलाला मात्र तो स्वतःलाच ठाऊक असावा लागतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९५६ साली मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. संविधान लिहून झाले तरी ते चालविणारी माणसे शिकवूनच तयार करावी लागतात, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. राहिलेले काम आपल्याकडे आले आहे.

शिकवायला साधने कोठून आणावीत, असे पुष्कळ शिक्षक विचारतात. साधने आहेत आणि बरीचशी फुकट आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. 'भारताचे संविधान' मराठीत उपलब्ध आहे. मुलांनी गाईडऐवजी मूळ कलम १७ आपल्या डोळ्यांनी वाचावे. संविधान सभेच्या चर्चांचे १२ खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात खुले आहेत. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या मालिकेतील १३ वा खंड संविधाननिर्मितीवरच आहे.

या साधनांतून एक नमुना पाठ सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी हिशेब दिला आहे. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहापुढे मांडल्या गेल्या. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, एवढ्या लोकांचे म्हणणे ऐकून घ्यायला काय लागते? उत्तरे ऐकण्यासारखी येतात.

त्याच भाषणात त्यांनी सभागृहाला आठवण करून दिली की संसदीय कामकाजाची रीत भारताला नवी नाही. ती भिक्खुसंघाला ठाऊक होती. हा धागा आपण विहारात पुढे न्यावा. विनयपिटकात ठराव मांडण्याला 'ञत्ति' म्हटले आहे. उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कामात ञत्तीनंतर तीन वेळा विचारणा होते. कोणी आक्षेप घेतला नाही, तर संघाची संमती मानली जाते. मतभेद मिटला नाही, तर शलाका म्हणजे काड्या वाटून बहुमत घेण्याची सोय आहे. काड्या वाटणारा भिक्खू संघच निवडतो. तो आवडनिवड, द्वेष, मोह आणि भय यांनी वाहवणारा नसावा, अशी अट आहे. निवडणूक अधिकारी कसा असावा, हे याहून सोप्या शब्दांत कोण सांगेल? वर्गमंत्र्याची निवडणूक एकदा दोन रंगांच्या काड्यांनी घेऊन पाहावी. गुप्त मतदान, गणपूर्ती, बहुमत हे शब्द मग पाठ करावे लागत नाहीत.

विद्यार्थ्यांना संधीही पुष्कळ आहेत. निवडणूक आयोगाच्या पुढाकाराने २०१८ पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी मतदार साक्षरता मंडळे आहेत. आपल्या शाळेत ते मंडळ कागदावर आहे की चालू आहे, एवढे विचारले तरी काम सुरू होते. २०२२ पासून वयाची १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज करता येतो. गावातील मुलांनी ग्रामसभेला जाऊन मागे बसावे, विषयपत्रिका लिहून घ्यावी, दुसऱ्या दिवशी वर्गात वाचावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज वर्गातच लिहायला शिकवावा. २००५ च्या कायद्याने साधारणतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि राज्यात त्यासाठी १० रुपयांचे शुल्क पुरते.

पालकांनाही एक जागा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे, विनाअनुदानित शाळा वगळता, प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात; दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या वस्तीतील आईने त्या खुर्चीवर बसावे आणि शाळेचा हिशेब विचारावा.

मित्रहो, हे सारे कशासाठी? एकच उदाहरण देतो. १९५६ साली आपण धम्मदीक्षा घेतली. अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द आला तो १९९० साली. केंद्राच्या सवलतींसाठी एक शब्द वाढायला ३४ वर्षे लागली. त्या काळात किती मुलांचे शिक्षण आणि किती जणांच्या नोकऱ्या हुकल्या असतील! आजही दाखल्यातील एका अक्षराच्या चुकीने शिष्यवृत्ती अडकते. अर्ज वाचणे, पोच घेणे, मुदतीत अपील करणे हे ज्याला येते त्याचे वर्ष वाचते. ज्याला येत नाही, तो मुलगा मुकाट्याने शाळा सोडतो. नागरिकशास्त्राच्या बुडालेल्या तासाची किंमत ही आहे.

म्हणून संस्थेकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. विहारात संविधान, वर सांगितलेला १३ वा खंड आणि सहावी ते दहावीची पाठ्यपुस्तके यांचे एक उघडे कपाट असावे. रविवारच्या धम्मवर्गाला जोडून महिन्यातून एक तास संविधानाचा व्हावा; शिकविण्याची जबाबदारी आम्ही शिक्षक आळीपाळीने घेतो. आणि जूनमध्ये दाखले व शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी दोन दिवसांचे शिबिर भरवावे. त्यात मोठ्या मुलांनी लहानांचे अर्ज तपासावेत. खर्च थोडा आहे, नियमितपणा मात्र फार लागेल.

संविधान दिनाला आपण उद्देशिका एकमुखाने म्हणतो. तिच्यातील 'आम्ही' या शब्दात आपल्या वस्तीतील शेवटचे लेकरूही आहे, हे त्याला कळेपर्यंत हा तास चुकवू नये, एवढीच प्रार्थना.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम! जय भारत!