निदान होईपर्यंत



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला बोलावले की तो संतवाङ्मयावर नाही तर कादंबरीवर बोलणार, असे आपण गृहीत धरले असेल. आज मी वैद्यकीय तपासणी आणि तिचा अहवाल यांच्या मधल्या दिवसांविषयी बोलणार आहे. मी वैद्य नाही. परंतु या सभागृहातील साठी ओलांडलेल्या बहुतेकांनी हे दिवस कधी ना कधी काढलेले आहेत. आपण रोगाविषयी बोलतो, उपचारांविषयी बोलतो, खर्चाविषयी तर फारच बोलतो. या मधल्या दिवसांना मात्र आपल्या बोलण्यात जागा नाही. ज्या गुरुवर्यांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीतील शिक्षकांनी आम्हांला एक शिस्त लावली होती : जे अनुभवाला येते त्याला नेमका शब्द शोधावा. त्या शिस्तीने आज या विषयाकडे पाहू या.

आरंभ एका शब्दापासून करतो. 'निदान' हा शब्द संस्कृतात मूळ कारण या अर्थाने येतो. आयुर्वेदात तो रोगाच्या कारणांची आणि लक्षणांची ओळख या अर्थाने स्थिरावला. माधवकराच्या ग्रंथाचे नावच 'माधवनिदान' असे रूढ झाले आहे. मराठीने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. 'निदान पत्र तरी पाठव', 'निदान दोन घास खाऊन जा', असे आपण म्हणतो तेव्हा 'निदान' म्हणजे 'कमीत कमी'. तपासणी करून घरी परतलेला माणूस या दोन अर्थांच्या मध्ये अडकलेला असतो. प्रयोगशाळेत त्याचे पहिले निदान चाललेले असते आणि घरी त्याच्या मनात दुसऱ्या निदानाचा जप चाललेला असतो : निदान पसरलेले नसू दे, निदान मुलीचे लग्न होईपर्यंत धडधाकट राहू दे, निदान दुखणे औषधांवर भागू दे. रोगाचे नाव कळण्याच्या आधीच तो त्याच्याशी तडजोड करू लागतो.

आपल्या पूर्वजांनाही आजारपणातील अनिश्चिततेची ओळख होती. पेडणे आणि डिचोली महालांतल्या देवळांतून कौल घेण्याची प्रथा आपण सर्वांनी पाहिली आहे. पाण्याने भिजवलेल्या पाकळ्या देवाला लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहायचे. कौलाने रोग ओळखता येतो असे मी म्हणत नाही, आणि डॉक्टरांकडे जाण्याऐवजी कुणी कौल घ्यावा असेही मुळीच सुचवत नाही. मला त्या प्रथेची रचना महत्त्वाची वाटते. प्रश्न विचारणारा एकटा नसे. घरची माणसे शेजारी उभी असत. त्याच्या मनातील भीती पुजारी त्याच्या वतीने मोठ्याने उच्चारी. उत्तर त्याच बैठकीत मिळे आणि त्याचा अर्थ सांगायला एक जाणता माणूस समोर असे. आजची तपासणी कौलापेक्षा कितीतरी विश्वसनीय आहे. पण तिच्यापाशी भीती मोठ्याने उच्चारणारा कुणी नाही, आणि उत्तरही त्या बैठकीत मिळत नाही.

हा उशीर का लागतो, हे समजून घेतले तर भीतीचा एक भाग कमी होतो. बायोप्सीचेच उदाहरण घ्या. काढलेला तुकडा प्रथम फॉर्मलिनमध्ये ठेवून टिकवावा लागतो. मग त्यातील पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे काप काढतात, तेही एका मिलिमीटरचे दोनशे भाग करावेत इतके पातळ. ते रंगवून विकृतिविज्ञानाचे तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंका वाटली तर निराळ्या प्रक्रियेने रंगवलेले आणखी काप मागवतात, आणखी काही दिवस जातात. लघवीत जंतू आहेत का हे पाहण्यासाठी ते वाढू द्यावे लागतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात. क्षयाचे जंतू तर इतके सावकाश वाढतात की त्या तपासणीला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. म्हणजे उशीर झाला तर अहवाल वाईटच असणार, हा आपला तर्क बहुधा निराधार असतो. पुन्हा बोलावणे आले तरी तेच. स्तनाच्या तपासणीनंतर ज्या स्त्रियांना पुन्हा बोलावतात, त्यांतील बहुतेकींना कर्करोग नसतो. आपल्याला जो काळ रिकामा वाटतो, त्यात कुणीतरी आपल्यासाठी काळजीपूर्वक काम करीत असते.

ही प्रतीक्षा कधी कधी सबंध गावाच्या वाट्याला येते. २०१५-१६च्या सुमारास आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात, पाली आणि आसपासच्या गावांत, माकडताप आला. त्याच काळात आपल्या सीमेला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावातही तो आढळला. हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचे दिवस नेमके काजूच्या हंगामाचे. बोंडू गोळा करायला रानात गेलेल्या माणसाला ताप आला, की तो साधा की माकडताप, हे सांगायला रक्ताचा नमुना मणिपालच्या प्रयोगशाळेत तपासून यावा लागे. त्या दिवसांत साधा तापही घराची झोप उडवी, आणि हंगाम तर थांबत नसतो. पुढे २०२०च्या मार्चमध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा गोव्यात तपासणीची सोय नव्हती. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे पाठवावे लागले. २५ मार्चला राज्यातील पहिले तीन रुग्ण निश्चित झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातच तपासणी सुरू झाली. अंतर कमी झाले, काळ कमी झाला. तरीही अहवाल येईपर्यंत दाराआड एकट्याने बसलेल्या माणसाची अवस्था कशी असते, हे त्या वर्षी आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले.

निकाल कसा कळतो, यालाही निकालाइतकेच महत्त्व आहे. याचे अत्यंत कठोर उदाहरण गोव्याच्या इतिहासात आहे. बार्देशातील पर्रा गावचे डॉमनिक डिसोझा हे नियमित रक्तदान करणारे तरुण. त्यांच्या रक्तात एच. आय. व्ही. आढळला, परंतु ही गोष्ट त्यांना कोणी डॉक्टरांनी शेजारी बसवून सांगितली नाही. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांना म्हापशाच्या पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले आणि तेथून नेऊन त्या वेळच्या कायद्यानुसार एका जुन्या क्षयरोग्यांच्या इमारतीत ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटका झाल्यावर डॉमनिक यांनी आपल्यासारख्या इतरांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करण्याचे काम हाती घेतले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. पुढे २०१७ साली संसदेने जो कायदा केला, त्यात तपासणीपूर्वी माहिती देऊन संमती घेणे आणि निकाल गुप्त राखणे बंधनकारक झाले. कागदावरचा निकाल माणसाच्या हाती माणसाने द्यावा, ही साधी गोष्ट कायद्यात यायला इतकी वर्षे लागली.

आता माझ्या अनुभवाचे थोडे सांगतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या प्रोस्टेट ग्रंथीची बायोप्सी झाली. अहवालाला अकरा दिवस लागले. वाचन हा माझा जन्माचा व्यवसाय. पण त्या अकरा दिवसांत एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येईना. चौथ्या दिवशी माझी पत्नी म्हणाली, "अहो, पुस्तक राहू दे. नारळ सोलायचे आहेत, तेवढे सोला." मी नारळ सोलले. दुसऱ्या दिवशी परसातील आळी साफ केली. भीती गेली नाही, पण दिवस सरकू लागले. अहवालात रोग निघाला, तो आरंभीच्या अवस्थेतला. उपचार झाले. आता दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे लागते. म्हणजे वर्षातून दोनदा ही प्रतीक्षा माझ्या घरी ठरलेल्या पाहुण्यासारखी येते. तिचा मुक्काम दोन दिवसांचा असतो, आणि ती यायची म्हणून आम्ही दोघे आता तयारीत असतो.

माझ्या नात्यातील एका काकींची गोष्ट मात्र वेगळी झाली. छातीत गाठ लागली म्हणून त्यांनी तपासणी करून घेतली. अहवाल तयार झाला, पण तो आणायला त्या गेल्याच नाहीत. विचारले की म्हणत, काजूचे दिवस आहेत, मग जाईन. काजू संपले, पाऊस लागला, चतुर्थी आली. चार महिने तो कागद दवाखान्याच्या कपाटात पडून होता. त्या निष्काळजी नव्हत्या, अडाणी तर नव्हत्याच. जोवर कागद हाती नाही तोवर आपण रोगी नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता. अखेर भाची त्यांना घेऊन गेली तेव्हा उपचारांची वेळ बरीचशी निघून गेली होती. बंधुभगिनींनो, प्रतीक्षेच्या भीतीकडे दुर्लक्ष करता येत नाही ते यासाठी. ही भीती नुसती झोप नेत नाही, ती माणसाला अहवालापासून दूर ठेवते आणि कधी त्याचा जीवही घेते.

अनिश्चितता इतकी असह्य का होते, याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला आहे. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी काही स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. त्यांत हाताला विजेचा वेदनादायक झटका बसण्याची शक्यता कमीजास्त केली जाई. झटका बसणारच हे ठाऊक असलेल्यांपेक्षा, तो बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असलेल्यांना अधिक ताण जाणवला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या तरुणांचा अभ्यास झाला. मन दुसरीकडे वळवणे, सर्व चांगलेच होईल असे घोकणे, अशा उपायांनी त्यांची अस्वस्थता फारशी कमी झाली नाही. उलट ज्यांनी काळजीत दिवस काढले, त्यांना वाईट निकाल अधिक सावरून स्वीकारता आला. तेव्हा अहवालाची वाट पाहताना जीव टांगणीला लागत असेल तर त्यात मनाचा दुबळेपणा मानू नये. 'काळजी' हा आपला शब्द काळजाशी नाते सांगतो. काळीज आहे तोवर काळजी असणारच. तिला हुसकावण्यात शक्ती घालवू नये, तिला बसायला जागा द्यावी आणि आपण कामाला लागावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. तपासणीच्या दिवशीच विचारून घ्यावे : अहवाल कोणत्या दिवशी मिळेल, तो कोण समजावून सांगेल, आणि उशीर झाला तर कोणाला फोन करायचा. मोकळ्या 'लवकरच'पेक्षा 'पुढच्या गुरुवारी' हे उत्तर मनाला अधिक आधार देते. आजकाल अहवाल मोबाइलवर येतो. तो रात्री एकट्याने उघडून त्यातील आकड्यांचे अर्थ शोधत बसू नये. सकाळी, सोबतीला कोणी असताना उघडावा आणि डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. हातांना गुंतवणारे काम काढावे. काळजी कोणा एकाला तरी मोकळेपणाने सांगावी. साऱ्या गावाला सांगण्याची गरज नाही. आणि झोप, अन्न, नित्याचे व्यवहार अनेक दिवस विस्कटले तर त्यासाठीही डॉक्टरांकडे जावे. बांबोळीला मनोविकारांची संस्था आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर शासनाच्या 'टेली-मानस' सेवेत फुकट बोलता येते.

जे स्वतः वाट पाहत नाहीत, त्यांच्यावर अधिक जबाबदारी आहे. आपण सहज म्हणून जातो, "काही होणार नाही हो, उगाच काळजी करता." हे वाक्य प्रेमापोटी येते, पण ते ऐकणाऱ्याचे बोलणे तेथेच थांबवते. त्याऐवजी "गुरुवारी किती वाजता जायचे? मी येतो," असे म्हणावे. या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज पेडण्यापासून साखळीपर्यंत वाड्यावाड्यांवर आहेत. कोणाकडे गाडी आहे, कोणाला इंग्रजी अहवाल वाचता येतो, कोणी रुग्णालयातच नोकरीला आहे. माजी विद्यार्थी मंडळाने अशा सोबत्यांची एक यादी करून ती शाळेच्या कार्यालयात ठेवावी. अहवाल आणायला कोणालाही एकट्याने जावे लागू नये, एवढेच त्या यादीचे काम. त्यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही. माझ्या काकींना त्या वेळी उणीव होती ती गुरुवारी सोबत येणाऱ्या एका माणसाची.

गुरुवर्यांच्या स्मरणार्थ याहून उचित काम मला सुचत नाही. वर्गात निकालाचा कागद हातात देताना ते विद्यार्थ्याला जवळ बोलावून त्याच्याशी दोन शब्द बोलत, मग तो उत्तीर्ण असो वा अनुत्तीर्ण, हे येथील जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.  निदान ती यादी तरी व्हावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.