उलटं टांगलेलं इंजिन

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांचं 'पुस मॉथ' विमान अनेकांना आठवतं. त्याच्या नाकातलं इंजिन मात्र कुणाला ठाऊक नसतं! ते होतं डी हॅविलंड कंपनीचं 'जिप्सी थ्री'.

या इंजिनांच्या घराण्याची सुरुवात काटकसरीतून झाली. पहिल्या महायुद्धानंतर आठ सिलिंडरची जुनी इंजिनं पडून होती. फ्रँक हॉलफर्ड या इंग्रज अभियंत्याने त्यांचे निम्मे भाग वापरून चार सिलिंडरचं 'सिरस' इंजिन बनवलं. ताकद साधारण ६० अश्वशक्ती. १९२५ साली पहिलं 'मॉथ' विमान त्यावरच उडालं. जुना साठा आटत चालला, तेव्हा हॉलफर्डनेच नवं 'जिप्सी' रचलं.

खरी गंमत पुढे आहे. उभी सिलिंडरं वैमानिकाच्या नजरेच्या आड येत. मग 'जिप्सी थ्री'मध्ये इंजिन चक्क उलटं टांगलं: क्रँकशाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, वर आणि सिलिंडरं खाली. समोरचं दिसू लागलं, पंखाही जमिनीपासून उंच राहिला. थंड करायला पाणी नाही, नुसता वारा. त्याचाच मोठा भाऊ 'जिप्सी मेजर', १३० अश्वशक्तीचा, पुढे 'टायगर मॉथ'मध्ये बसला आणि त्यावर हजारो वैमानिक शिकले.

एक खोड मात्र होती. विमान उभं असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचायचं. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी स्विच बंद ठेवून पंखा हाताने फिरवून बघावा लागे.