एका घंटेची फसवणूक

फोनची घंटा एकदांच वाजते आणि थांबते. हात पोंचण्यापूर्वींच फोन बंद झालेला असतो. मागें राहतो तो एक अनोळखी क्रमांक. कोणी आप्त अडचणींत असेल, या विचारानें सभ्य गृहस्थ त्या क्रमांकावर उलट फोन करतो, आणि फसवणूक नेमकी तेथें सुरू होते. जपानांत या युक्तीला 'वांगिरी' म्हणतात. 'वान' म्हणजे एक आणि 'गिरी' म्हणजे तोडणें.

यांतील हिशेब साधा आहे. परदेशीं केलेल्या फोनच्या शुल्काचा एक भाग तो फोन जेथें पोंचतो तेथील कंपनीला मिळतो. कांहीं देशांचा हा दर बराच चढा असतो आणि भामटा त्या उत्पन्नांत वांटेकरी होतो. म्हणूनच पलीकडून कधीं संगीत ऐकूं येतें, तर कधीं थोडें थांबण्याची विनंती होते. जितकीं मिनिटें अधिक, तितकी प्राप्ति अधिक.

१९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ८०९ या आंकड्यांचे क्रमांक यासाठीं कुप्रसिद्ध झाले. नातलग आजारी असल्याचा किंवा बक्षीस लागल्याचा निरोप येई. क्रमांक देशांतलाच वाटे. प्रत्यक्षांत तो कॅरिबियन भागांतील असे. अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियन समुद्रांतील अनेक बेटें यांचा देशसंकेत एकच, म्हणजे १, आहे. मिनिटाला दोन हजारांहून अधिक डॉलर पडतात, ही तेव्हांची आवई मात्र अतिरंजित होती. नुसती घंटा वाजल्यानेंही पैसा जात नाहीं. तो जातो उलट फोन केल्यानें.

ज्या मराठी घरांतील मुलगा वा मुलगी अमेरिकेंत आहे, त्या घरानें हें विशेष ध्यानीं ठेवावें. आरंभीं +१ दिसलें म्हणजे फोन मुलाचाच, असें नव्हे. पुढील तीन आंकडे ८७६ असल्यास क्रमांक जमैकाचा, २८४ असल्यास ब्रिटिश व्हर्जिन बेटांचा. शंका येतांच मुलाच्या नेहमींच्या क्रमांकावरच चौकशी करावी.

परदेशीं फोन करण्याचें कारणच पडत नसेल, तर कंपनीस सांगून ती सोय बंद करून घ्यावी. संशयास्पद फोनची माहिती दूरसंचार विभागाच्या २०२४ मध्यें सुरू झालेल्या 'चक्षु' या सोयीवर कळवितां येते. घरांतील वृद्धांना व मुलांना एवढें अवश्य सांगावें, कीं ज्याला खरोखर काम असेल तो पुन्हां फोन करील किंवा नांवासह निरोप ठेवील. त्याची वाट पाहण्यांत कोणतेंही असौजन्य नाहीं.