रोल धुताना झालेली चूक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच. बोलण्याची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

कॅमेऱ्याचा काळा-पांढरा रोल घरी धुवायला मी भाच्याकडून शिकले. काळ्या पिशवीत हात घालून, न बघता रोल रिळावर चढवायचा आणि डब्यात बंद करायचा. पुढचे काम उजेडात. आधी डेव्हलपर, आमच्या रोलला २० अंशांवर साडेसात मिनिटे, दर मिनिटाला १० सेकंद डबा उलटासुलटा करायचा. मग पाणी, मग हायपो आणि शेवटी पुन्हा भरपूर पाणी.

सासूबाई वाती वळताना, नातवाला भरवताना असे ३६ फोटो मी काढले होते. रोल धुवायला बसले, तोच दारी कोणी हाक मारली. गडबडीत डेव्हलपरऐवजी हायपो आधी ओतला! रोल काचेसारखा कोरा निघाला. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, मी आहे ना अजून! पुन्हा काढ." पुढच्याच महिन्यात त्या गेल्या.

नंतर भाच्याने एक पेटी जोडून दिली. तिची मोटर डबा सारखा फिरवते, त्यामुळे वेळ थोडा कमी लागतो. रसायन कोमट असले तर काम भरभर होते. पेटी ते मोजून वेळ आपोआप कमी करते आणि वेळ संपली की शिटी देते. उन्हाळ्यात नळाचे पाणी फारच तापते, म्हणून बाटल्या मी आधी माठाच्या पाण्यात ठेवते. उरलेला फरक पेटी सांभाळते. नवशिक्या बाईला याहून सोपे काय हवे?

पण भगिनींनो, बाटली कोणती ओतली हे पेटी विचारत नाही! म्हणून रोलच्या तोंडाचा कापलेला तुकडा उजेडातच आधी बाटलीतल्या थेंबांत बुडवावा. डेव्हलपरमध्ये तो काळा पडतो, हायपोत पारदर्शक होतो. काम दोन-चार मिनिटांचे, पण त्या दिवशी मी ते केले असते तर!

आणखी एक. स्वयंपाकाचे भांडे, चमचा या कामाला कधीही घेऊ नये. हातात रबरी मोजे घालावेत.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी दुपारी आमच्याकडे यावे. पेटी खुशाल वापरा. तुकड्याची परीक्षा मात्र आधी माझ्यासमोर करायची.