शाळेच्या दारातील सक्ती



लस टोचल्याचा दाखला असल्याखेरीज मुलाला शाळेत प्रवेश नाही, असा नियम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने देवीच्या रोगासाठी १८५५ साली केला. सॅन अँटोनिओ शहराचा असाच नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली वैध ठरविला. १९८० च्या सुमारास पन्नासही राज्यांत असे कायदे झाले होते. व्यक्तिस्वातंत्र्याचा अखंड उद्घोष करणाऱ्या देशाने ही सक्ती का पत्करावी?

याचे उत्तर रोगाच्या स्वरूपातच आहे. गोवराचा प्रसार रोखावयाचा तर शंभरातील सुमारे पंचाण्णव जणांना लस टोचलेली असावी लागते. तान्ही बालके आणि कर्करोगावर उपचार घेणारी मुले यांना ही लस देता येत नाही. त्यांचे रक्षण इतरांच्या लसीनेच होते. बाजारातील इतर मालाप्रमाणे हा केवळ घेणाऱ्याच्या लाभाचा व्यवहार नाही. सर्वांनी वर्गणी देऊन बांधलेल्या धरणासारखा तो आहे. वर्गणी चुकविणाऱ्यालाही पाणी मिळते; मात्र चुकविणारे वाढले की धरणच फुटते.

परंतु केवळ सक्तीने काम भागत नाही. १९८९ ते १९९१ या काळात अमेरिकेत गोवराचे सुमारे ५५ हजार रुग्ण आढळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. सर्वाधिक झळ बसली ती महानगरांतील गरीब वस्त्यांतल्या, शाळेचे वयही न झालेल्या बालकांना. कायदा शाळेच्या दारात उभा होता. रोग त्याआधीच घरात शिरला. तेव्हा १९९३ साली कायदा करून विमा नसलेल्या व गरीब मुलांना लस विनामूल्य देण्याची योजना आखण्यात आली आणि १९९४ पासून ती अमलात आली.

पुढे प्रश्नाने रूप पालटले. कॅलिफोर्नियात वैयक्तिक मताच्या आधारे सवलत घेणाऱ्यांत सुस्थितीतील कुटुंबे पुष्कळ होती. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली आणि २०१५ साली राज्याने ती सवलत रद्द केली. वैद्यकीय कारणाची सवलत तेवढी राहिली. टेक्सासमध्ये मताधारित सवलत कायम होती. तेथे २०२५ च्या साथीत लस न टोचलेली दोन शाळकरी मुले मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्लोरिडाच्या आरोग्यप्रमुखांनी असे सर्व नियम रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला.

लसीवाचून राहिलेल्या मुलांचे दोन वर्ग आहेत : ज्यांच्यापर्यंत लस पोचली नाही ते, आणि ज्यांच्या पालकांनी ती नाकारली ते. पहिल्यांना नियमाचा बडगा दाखविणे हा अन्याय होय. त्यांच्या दारी लस नेणे हे शासनाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य बजावलेल्या शासनाला दुसऱ्यांवर सक्ती करण्याचा नैतिक अधिकार पोचतो. तो वापरण्यास शासन कचरले, तर श्रीमंताच्या स्वातंत्र्याची किंमत शेजारच्या पाळण्यातील मुलाला चुकवावी लागते.