गोपनीय अहवालातली लढाई

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ३० मे २०२५ रोजी दीक्षान्त संचलन आटोपून छात्रांनी ‘अंतिम पग’ ओलांडला, तेव्हा त्यांत पहिल्यांदाच १७ मुली होत्या. कौतुक तर आहेच. पण मुलींना तिथल्या प्रवेशपरीक्षेला नुसतं बसता यावं, एवढ्यासाठीसुद्धा ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंतरिम आदेश काढावा लागला होता.

लष्करात अधिकारी म्हणून स्त्रिया १९९२ पासून आहेत; वैद्यकीय सेवेत त्याआधीही होत्या. मात्र कायम नेमणूक आणि तुकडीचं नेतृत्व त्यांना द्यायला सरकार राजी नव्हतं. जवान बहुतेक खेड्यांतून येतात, बाईचा हुकूम मानायची त्यांची मानसिक तयारी नसते, असंही सरकारतर्फे सांगितलं गेलं. (सरपंचपदाच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असलेल्या महाराष्ट्रात हे ऐकून कुणालाही हसू यावं.) फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. निकालात दाखला होता पुण्यातल्या २०१६ च्या बहुराष्ट्रीय सरावाचा. तिथे भारतीय पथकाच्या प्रमुख होत्या लष्करी अधिकारी सोफिया कुरेशी.

खरी गोम पुढे आहे. दार उघडलं, पण उंबऱ्यावर अटी आल्या. निवडीसाठी जुने गोपनीय अहवाल काढले गेले. ते लिहिले गेले तेव्हा या बायकांना कायम नेमणूक मिळणारच नव्हती. मग वरिष्ठ तरी कशाला मनापासून लिहितील? सरकारी कचेरीत चार वर्षं काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दुसरी अट तब्येतीची: मन, कान, हातपाय, शरीर, डोळे, सगळं अव्वल दर्जाचं हवं. पुरुषांची ही तपासणी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात होऊन गेलेली. बायकांची चाळिशी उलटल्यावर. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २०१० मध्येच त्यांच्या बाजूने लागला होता. मधली दहा वर्षं सरकारने घालवली आणि वाढलेलं वय मात्र बायकांच्या नावे मांडलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

लढाऊ विमानं २०१६ मध्ये स्त्रियांच्या हाती आली, तोफखाना २०२३ मध्ये. पायदळ आणि रणगाडा दल त्यांना अजून बंद आहे. पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढणं सोपं नाही, हे कुणीच नाकारत नाही. मग कामाला लागणारी ताकद मोजावी, ती कसोटी सर्वांना एकच लावावी. नापास होतील त्यांना घरी पाठवावं. आज मात्र परीक्षा घ्यायच्या आधीच निकाल लावलेला आहे. प्रबोधिनीच्या त्याच मैदानावर तीन वर्षं धावलेल्या मुलाला पायदळ मागता येतं. मुलीला तो पर्यायच नाही.