करून पाहण्यापूर्वी



आजचा माझा विषय अगदी घरगुती आहे. कोठेतरी एखादी कृती वाचावी किंवा पाहावी आणि ती आपल्या घरी करून पाहावी, ही हौस आपल्याला नवी नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ हे पाकपुस्तक १८७५ साली छापले गेले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आले आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’. या पुस्तकांनी कितीतरी नव्या संसारांना स्वयंपाक शिकविला. आज त्यांची जागा बव्हंशी मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. केक, चीज, साबण, मेणबत्त्या, कागदाची फुले, कापडावरची रंगाई, जे म्हणाल ते तेथे आहे, तेही फुकट आणि डोळ्यांसमोर करून दाखविलेले.

ही गोष्ट मी वाईट मानीत नाही. हाताने काहीतरी घडविण्याचा आनंद मोठा आहे आणि तो मुलांना मिळावा असे शिक्षक या नात्याने मला मनापासून वाटते. पण एक फरक आपण ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वी पुस्तक उघडले तरी पाठीशी आजी, आत्या किंवा शेजारच्या काकू उभ्या असत. “अगं, एवढा सोडा नको,” असे म्हणणारे कोणीतरी असे. आज इंदूर-बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या घरात दुपारी मुलगी एकटी असते, समोर पडदा असतो आणि हात धरणारे कोणी नसते. म्हणून आजीचे काम आता आपल्यालाच करावयाचे आहे. ते कसे करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम मापाची गोष्ट घेऊ. ‘रुचिरा’तील मापे वाटी-चमच्याची आहेत. वाटी कोणाची लहान, कोणाची मोठी. तरी पदार्थ बिघडत नाही, कारण सारे जिन्नस एकाच वाटीने मोजले की त्यांचे आपसांतील प्रमाण कायम राहते. परदेशी कृतीत मात्र ‘एक कप’ मैद्याशेजारी ‘दोन अंडी’ आणि ‘शंभर ग्रॅम लोणी’ असते. अंडे काही आपल्या कपाप्रमाणे लहानमोठे होत नाही! अमेरिकेचा कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, तर इंग्लंडचा जुना कप २८४ चा. आपल्या घरातला चहाचा कप याहून पुष्कळच लहान असतो. तीच गोष्ट उष्णतेची. कृतीत ३५० अंश लिहिलेले असते, ते बहुधा फॅरनहाइटचे. आपल्या भट्टीवर ते सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सिअस होतात. तेव्हा कृती कोणत्या देशाची आणि माप कोणते, हे आधी विचारावे. केक बसला म्हणून हाताला दोष देण्यापूर्वी कप तपासावा.

पण केक बसला तर फार तर मैदा-साखर वाया जाते. खरा प्रश्न मापाच्या पुढचा आहे, आणि तो म्हणजे ‘का?’ हा.

मागल्या वर्षी माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने घरी साबण करावयाचे ठरविले. पडद्यावर पाहून तिने सारे वहीत उतरवून घेतले होते: अर्धा किलो खोबरेल, त्याला पुरेल इतका कॉस्टिक सोडा आणि पाणी. खोबरेल महाग, म्हणून घरात असलेले शेंगदाण्याचे तेल घ्यावे असे तिच्या आईने सुचविले. तेलाला तेल, त्यात काय बिघडले? वही माझ्याकडे आली तेव्हा आम्ही फळ्यावर गणित मांडले. शंभर ग्रॅम खोबरेलाचा साबण होण्यास सुमारे अठरा ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो; शेंगदाण्याच्या तेलाला सुमारे साडेतेराच पुरतो. म्हणजे अर्धा किलो तेलामागे वीस ग्रॅमांहून अधिक सोडा तसाच शिल्लक राहिला असता. साबण दिसायला पांढराशुभ्र झाला असता, आणि त्याने आपल्या धाकट्या भावाचे तोंड धुतले असते तर कातडी भाजली असती.

तेल आणि सोडा मिळून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. साबण म्हणजे तेलात कालविलेला सोडा नव्हे. हे एकदा कळले म्हणजे प्रत्येक तेलाला वेगळे माप का, हे आपोआप उमगते. सोडा नेहमी पाण्यात थोडाथोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये, कारण तो विरघळताना इतकी उष्णता निघते की पाणी उसळून अंगावर येते. अॅल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, कारण सोडा ते खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. या साऱ्या सूचना चांगल्या कृतीत असतातही. पण ‘कारण’ ठाऊक नसलेल्या माणसाला सूचना म्हणजे नुसती किरकिर वाटते, आणि किरकिर आपण सहज गाळतो.

दुसरे उदाहरण खाण्याच्या सोड्याचे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फरशी चकचकीत करा, असे जो तो सांगतो. फेस मोठा छान येतो. पण आम्ल आणि सोडा भेटले की ती दोघेही एकमेकांना निकामी करतात; मागे उरते ते थोडे मीठवजा द्रव्य आणि पुष्कळसे पाणी. ढोकळ्यात हाच फेस उपयोगी पडतो, कारण लिंबूसत्त्व आणि सोडा यांतून सुटलेला वायू पिठात अडकून पीठ फुलते. बादलीत तो हवेत उडून जातो. क्रिया तीच, एके ठिकाणी पाककौशल्य, दुसरीकडे नुसती करमणूक. मात्र या करमणुकीची सवय लागून कोणी संडास धुण्याचे अॅसिड आणि ब्लीचिंगचे द्रावण एकत्र केले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. दोन सफाईची द्रव्ये एकत्र करू नयेत, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

आता मुरविलेल्या पदार्थांकडे वळू. सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवावी, असे सांगणाऱ्या कृती पुष्कळ आहेत. आपण म्हणतो, लोणचेही तेलातच असते की! पण लोणचे टिकते ते केवळ तेलाने नव्हे. कैरीची आंबटाई, भरपूर मीठ आणि मोहरी ही त्याची राखणदार आहेत. तेल वरून हवा अडविते इतकेच. लसणात आंबटपणा जवळजवळ नाही. मातीतून त्याला चिकटून आलेल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूंना हवा नको असते, आणि तेलाखाली त्यांना हवे तसे घर मिळते. त्यांचे विष पदार्थाच्या वासावरून किंवा चवीवरून ओळखू येईलच असे नाही. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात १९८५ साली एका उपाहारगृहातील तेलातल्या लसणामुळे ३६ माणसांना या विषाची बाधा झाली होती. म्हणून असा लसूण थोडाच करावा, शीतकपाटात ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. आपल्या आज्यांना जंतूचे नाव ठाऊक नव्हते. पण लोणच्यात मीठ कमी घालू लागलेल्या सुनेचा हात मात्र त्या धरीत असत. आज आरोग्यासाठी मीठ कमी करावयाचे असेल तर अवश्य करावे, पण मग ते लोणचे चार दिवसांचे समजावे, वर्षाचे नव्हे.

शेवटची गोष्ट वेळेची. पडद्यावर तासाचे काम मिनिटात होते. दिवाळीचा आकाशकंदील घ्या किंवा आम्हां ख्रिस्ती घरांतला नाताळचा तारा घ्या. बांबूच्या काड्या, दोरा, खळ आणि पतंगाचा कागद एवढेच त्याचे साहित्य. सारख्या लांबीच्या पाच काड्यांची एक चांदणी, तशीच दुसरी. दोन्हींची टोके एकत्र बांधावयाची आणि आतल्या पाच कोनांत आखूड काड्या अडकवून पोट फुगवावयाचे. पाहताना वाटते, यात अवघड ते काय? पण एक काडी बोटभर लांब झाली की तारा वाकडा होतो, गाठ सैल राहिली की पोट फुगविताना सुटते, आणि खळ ओली असतानाच उचलला की कागद सुरकुततो. काडी किती वाकते आणि कोठे मोडते, हे बोटांनाच कळावे लागते. त्याला पहिले दोन तारे वाकडे व्हावेच लागतात. मुलांना आपण हे आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर पडद्यावरचा सरळ तारा आणि हातातला वाकडा तारा पाहून मूल म्हणते, “मला येत नाही,” आणि कागद ठेवून पुन्हा पडद्याकडे वळते. मला सर्वांत मोठे नुकसान हेच वाटते.

तेव्हा घरात एक वही ठेवावी. करून पाहिलेली प्रत्येक कृती आपल्या मापाने तीत लिहावी. पुढल्या खेपेस एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे काय कशाने झाले ते कळेल. जेथे कॉस्टिक सोडा, अॅसिड, विस्तव किंवा महिनोन् महिने टिकवावयाचे अन्न आहे, तेथे ‘का’ चे उत्तर मिळाल्यावाचून हात घालू नये, आणि मुलांनी मोठ्या माणसावाचून तर मुळीच नाही. इतर सर्व ठिकाणी मात्र खुशाल चुकावे. बसलेला केक दुधात बुडवूनही गोड लागतो.

माझ्या त्या विद्यार्थिनीने पुढे शेंगदाण्याच्या तेलाचे नवे माप काढले, आईला शेजारी उभे करून साबण केला आणि तो पक्का होण्यासाठी चार आठवडे फळीवर ठेवला. वहीत तिने मापापुढे कारणही लिहून ठेवले आहे. ती वही उद्या तिच्या मुलीच्या हाती पडेल, तेव्हा पाठीशी कोणी उभे नसले तरी हात धरणारे कोणीतरी तीत असेल.